चौदावं रीळ

भुसावळहून पॅसेंजरने पेटी आली शुक्रवारी.
मी नेहमीसारखी मोजली : रिळं चौदा.
एवढं लक्षात ठेवा.

दोंडाईचात तेव्हा मिरचीचा हंगाम,
रेवा टॉकीजच्या मागे पथारीवर लाल रान वाळत पडलेलं.
वारा फिरला की आख्खं थर्डक्लास एकदम खोकायचं
आणि पडद्यावरचा मंत्री
भाषणात अडखळल्यासारखा वाटायचा.

सिनेमा पोलिसांचा होता.
एक फौजदार, एक बंगला, बंगल्यावरून येणारा फोन.
फोन ठेवला की कोठडीतला दिवा जायचा.
तिसऱ्या रिळात एक पोरगा गच्चीवरून ‘उडी मारतो’.
लोक शिट्ट्या मारत. हो, शिट्ट्याच.
मी केबिनच्या भोकातून बघायचो,
कोण हसतंय, कोण नुसतंच
पुढच्या खुर्चीची दांडी धरून बसलंय.

शनिवारी रात्री हुलवळेसाहेब आले.
खरे फौजदार, आमच्या गावचे. पास अर्थात फुकट.
बाल्कनीत पाय पुढच्या खुर्चीवर, हातात शेंगांचा पुडा.
गच्चीचा सीन झाला तसा हवालदार जिना चढून वर :
“साहेब म्हणतात, परत लाव.”
मी रीळ हाताने उलटं फिरवलं.
चौकटी-चौकटीतून तो पोरगा
फरशीवरून उठला, हवेत चढला,
गच्चीवर धडधाकट उभा राहिला.
मग मी बटण दाबलं
आणि त्याला परत पाडलं.
दोनदा.

मंगळवारी सुपडू गेला.
आमचाच सुपडू, पोस्टरची हातगाडी ओढायचा,
पत्र्याच्या भोंग्यातून ओरडायचा, “आज शेवटचे तीन खेळ!”
सिनेमा कालच लागलेला असला तरी शेवटचे तीनच.
मिरचीच्या वखारीतून बाराशे रुपये गेले, त्याचा संशय.
कागदावर : पळताना विहिरीत बुडाला.
ती विहीर दोन वर्षं कोरडी होती,
कागदावर तिला पाणी लागलं.
पंच म्हणून खाली सही माझी.
मी सही केली तेव्हा कागदही कोराच होता.

बुधवारी त्यांनी चौदावं रीळ नेलं.
त्यात कोर्ट होतं.
मुद्देमाल म्हणाले, लाखेचं सील मारलं.
पंच? मीच. सराव झाला होता.
तेव्हापासून आमच्या गावात तो सिनेमा तेराव्यावरच संपला.
वकीलबाई कोर्टाच्या पायऱ्या चढते, दार ढकलते,
आणि पांढरा पडदा.
लोक जरा वेळ बसून राहायचे,
मग अंधारात पायाने चपला शोधायचे.

टॉकीजच्या जागी आता लग्नाचा हॉल आहे.
हुलवळेसाहेबांना बढती, पदक, पुण्यात फ्लॅट,
गुडघ्यांचं ऑपरेशन, असं ऐकतो.
स्टँडजवळच्या टपरीवर शेवटाचा वाद अजून निघतो.
नथ्थू शिंपी म्हणतो, फाशी.
भटू ड्रायव्हरने सुरतेला पाहिलाय म्हणे,
तो म्हणतो, पुराव्याअभावी सुटतो.
मला विचारत नाही कुणी.
मी पाहिलंय ते रीळ, शुक्रवारी, रिकाम्या टॉकीजमध्ये,
मशीन तपासायला लावलं तेव्हा.
चहा संपवून उठतो.

त्या आठवड्याचा गुरुवार राहिला सांगायचा.
त्या दिवशी खरोखरच शेवटचे तीन खेळ होते
आणि ओरडायला कुणी नव्हतं.
दुपारी सायजाबाई जिना चढून केबिनमध्ये आली,
सुपडूची आई, पथारीवर मिरच्यांची देठं खुडायची.
मशीनभोवती एक चक्कर मारली.
भिंगावर हात ठेवला, गायीच्या कपाळावर ठेवावा तसा.
म्हणाली, “भाऊ, तुन्हा यंतरमा मानूस उलटा फिरस म्हने.
मन्हा आंडोरले येक डाव वर काढ.”

मी काय बोललो आठवत नाही.
बोललो नसेनच.

रात्रीच्या खेळाला फौजदाराचा चेहरा
सबंध वेळ धुरकट आला, जागोजागी बोटांएवढा पुसलेला.
खालून आरडाओरडा सुरू झाला,
“फोकस! ए फोकस!”
फडकं माझ्या खांद्यावरच होतं.
भिंगाजवळ नाक नेलं की ठसका लागत होता.